दिवसा सांगितलेली गोष्ट

आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. हे कुणी ठरवलं, कुणाचा मामा कधी चुकला, असलं विचारायचं नसतं. लहानपणी मी विचारलं तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला होता. धपाट्यानं पटवलेलं माणूस जन्मभर विसरत नाही, म्हणून मीही ते मानत आले.

आमची वाडी बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्याला. चिकू, नारळ आणि मागे थोडं भाताचं शेत. बोईसरला कारखाने उभे राहिले तशी कुठकुठची माणसं खोल्या शोधत फिरायला लागली. आमच्या ह्यांनी संधी साधून मागच्या पडवीला लागून दोन खोल्या काढल्या. ब्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तिथं आढाव नावाचं जोडपं आलं. नगर जिल्ह्याकडचे ख्रिस्ती. नवरा कारखान्यात फिटर, कामावरून आला की जेवायचा आणि झोपायचा. बायको रूथबाई. उंच, हाडकुळी, पदर कायम खांद्यावरून घट्ट ओढलेला. पोटी मूल नव्हतं. ते दुःख ती बोलून दाखवत नसे, पण रविवार आला की कुणालाही दिसलं असतं.

रविवारी सकाळी तिच्याकडे कारखान्याच्या कॉलनीतल्या ख्रिस्ती घरांतली मुलं जमायची. त्याला ती शब्बाथशाळा म्हणायची. खोलीत जागा पुरत नाही म्हणून मुलं आमच्या पडवीत बसत. मी तिथंच वाल सोलत असायची, कारण पडवी माझी होती आणि वालही माझेच होते. तिच्याकडे एक लोखंडी पेटी होती. तिच्यात मुलांसाठीची गोष्टींची पुस्तकं. पातळ, रंगीत चित्रांची, कडा खाकी कागदानं चिकटवलेल्या, मधे दोऱ्यानं शिवलेल्या. पेटी उघडली की मुलं एकदम गप्प व्हायची. आमची पोरं देवळात आरतीलासुद्धा इतकी गप्प कधी बसली नव्हती.

आमचे हे धुसफुसत होते. लोक म्हणतील, दमयंतीच्या पडवीत पोरं बाटवतात. मी म्हटलं, कॉलनीतली पोरं जन्मापासूनच ख्रिस्ती, त्यांना आणखी काय बाटवायचं? हे गप्प झाले. पण त्यानंतर ठमी यायला लागली आणि मला उत्तर सुचेना.

ठमी म्हणजे गोमाची मुलगी. गोमा आणि त्याची बायको पारू आमच्या वाडीवर राबायचे, वाडीच्या टोकाला त्यांचं खोपट. मूळचे मनोरच्या पलीकडचे, डोंगरातले. चार महिने पावसावर भात पिकवायचं आणि मग पोटासाठी खाली उतरायचं. त्यांच्याबरोबर पारूची म्हातारी आई बुधी आणि पारूचा भाऊ मंगळ्या. हा मंगळ्या ठमीचा जीव. पोर चालायला लागायच्या आधीपासून त्याच्या खांद्यावर असायची. दर वर्षी दिवाळी झाली की तो वैतरण्याच्या खाडीत रेतीच्या होड्यांवर कामाला जायचा, तो होळीला परत. येताना वाडीच्या तोंडाशी आंबा आहे ना, तिथून हाळी द्यायचा आणि ठमी हातातलं टाकून धावायची. त्या वर्षीही दिवाळी झाली आणि तो गेला.

थंडी पडल्यावर एका रविवारी ठमी पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची असेल. रूथबाईनं तिला बसायला सांगितलं, ती बसली. पुस्तक उघडलं, चित्र पाहून तिचे डोळे विस्फारले, आणि रूथबाईनं तोंड उघडायच्या आत ती ताडकन उठली.

"दिसा गोठ नको सांगू, बाय. माजा मामा वाट चुकंल."

कॉलनीतली मुलं फिदीफिदी हसली. मला वाटलं, आता ही बाई म्हणणार की हे सगळं थोतांड आहे. तसं म्हणाली असती तर ठमी निघून गेली असती आणि पुढचं काहीच झालं नसतं. पण रूथबाईनं मुलांना दटावलं आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

"ही गोष्ट नाही गं," ती म्हणाली. "हे घडलेलं आहे. घडलेलं दिवसाही सांगता येतं."

मग आत जाऊन तिनं आपलं जाडजूड काळं पवित्र शास्त्र आणलं, पान काढलं, ठमीचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं आणि सांगितलं की चित्र कुणीतरी मागाहून काढलेलं आहे, पण घडलं ते इथं लिहिलेलं आहे. ठमीला अक्षर येत नव्हतं. तरी तिनं बोट उचललं नाही. बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली आणि मग खाली बसली. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे. हातानं मारलेली गाठ पुढं दातांनी सोडवावी लागते, हे तेव्हा तिच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

तेव्हापासून तिनं रीतच पाडली. आधी रंगीत पुस्तकातून सांगायचं, मग काळं पुस्तक उघडून कुणा एकाचं बोट त्या जागी ठेवायचं. आणि चित्रात जे असेल पण काळ्या पुस्तकात नसेल, ते अंगठ्याखाली झाकायचं. नाताळच्या वेळी बाळ येशूला भेटायला आलेल्या शहाण्या माणसांचं चित्र निघालं, मागे ऐटबाज उंट. ठमीला उंट ओळखीचे. मनोरकडे थंडीत काठेवाडी धनगर मेंढरं घेऊन उतरतात, त्यांच्याबरोबर असतात. ती खूश होऊन म्हणाली, ऊंट. रूथबाईनं अंगठ्यानं उंट झाकले. म्हणाली, उंट लिहिलेले नाहीत. माणसं आली एवढंच लिहिलंय.

पोरांना तो खेळच झाला. बाई, हे आहे का, बाई, ते आहे का. दाविदाच्या कमरेचा लाल पट्टा अंगठ्याखाली गेला, नोहाच्या तारवावरची कबुतराची ढाबळ गेली. सगळ्यांत जास्त ठमी पकडायची. मला ते अतीच वाटलं. मी रूथबाईला म्हटलंही की पुस्तक तुमचं आणि त्यातलं झाकताही तुम्हीच, हे कसलं शिकवणं? ती म्हणाली की आज उंट खरे म्हणून सांगितले आणि मोठेपणी मुलांना कळलं की ते नव्हतेच, तर उरलेल्यावर ती कशी विसंबतील? मी म्हटलं, आम्ही तर चांदोबाला मामा म्हणतो, मोठेपणी कुणाचं काही अडत नाही. यावर ती हसली. पण दुसऱ्या रविवारी अंगठा होताच.

संक्रांत झाल्यावर तिनं पेटीतून एक हिरव्या पाठीचं पुस्तक काढलं. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं असतात, त्यातलं एक हरवतं. तो बाकीची तिथंच सोडतो आणि त्या एकासाठी डोंगरदऱ्या पालथ्या घालतो, शेवटी सापडतं, मग खांद्यावर घालून घेऊन येतो. झालं, एवढंच. पण रूथबाईनं ते असं सांगितलं की माझ्याही हातातला वाल हातातच राहिला. ठमीची तर पापणी लवली नाही. डोंगर तिचा, मेंढरं तिनं पाहिलेली, आणि खांद्यावर बसून घरी येणं काय असतं ते तिच्याइतकं त्या पडवीत कुणाला ठाऊक होतं?

गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं, "ह्या कवा घडला?"

रूथबाईनं पुस्तक मिटलं. काहीतरी ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. लाख वर्षांपूर्वी, म्हणून मोकळी झाली असती.

"हे घडलेलं नाही, ठमे," ती म्हणाली. "ही प्रभूनं लोकांना सांगितलेली गोष्ट आहे. आम्ही दाखला म्हणतो."

"म्हंजे गोठच."

"हो. गोष्टच."

ठमीनं पडवीबाहेर पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं. ती उठली आणि मागं न बघता खोपटाकडे गेली. रूथबाईचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही पोर परत यायची नाही.

पण पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी हजर, आणि येऊन म्हणाली, मेंढराची दाखव. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. कळत होतं तिला, गोष्ट आहे आणि दिवस आहे. पण काही गोड लागलं की माणूस स्वतःलाच समजावतो, त्यात लहान काय आणि मोठं काय. एकदा मी सहज म्हटलं, ठमे, मामा चुकंल हां. माझ्या जिभेला हाड नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे पाहिलं, आणि पान उलटलं.

होळी आली. बाहेरगावी कामाला गेलेली डोंगरातली सगळी माणसं होळीला परततात, मग कितीही लांब असोत. आमच्या आसपासच्या खोपटांतले सगळे आले. मंगळ्या आला नाही. होळी पेटली, राख झाली, तरी नाही. मग त्याच होड्यांवर काम करणारा जिवल्या वाटेत गोमाला भेटला. तो म्हणाला की मंगळ्या तर आमच्या आधीच निघाला, गाडीत बसायला नको म्हणत होता, नेहमीसारखा रुळांच्या कडेकडेनं पायी गेला.

गोमा मनोरपर्यंत जाऊन आला. पोलिसांत सांगून झालं, त्यांनी ऐकून घेतलं. पोरवयापासून जो माणूस ती वाट तुडवत आला, तो गेला कुठं? बुधी चुलीपाशी बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "दिसा गोठ कोनी आयकली?"

ठमी म्हणाली, "मी."

त्या दिवसापासून पोर वाडीच्या तोंडाशी आंब्याखाली जाऊन बसायला लागली. मामा जिथून हाळी द्यायचा, तिथं. ना खाणं, ना बोलणं. पारू हाताला धरून आणायची, ही पुन्हा जाऊन बसायची. पेज तोंडाशी नेली तर ओठ मिटून घ्यायची. बुधीनं तिला एक शब्द बोलून दाखवला नव्हता, पण म्हातारी तिच्याकडे बघतही नव्हती, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट. पोरीची गळ्याची हाडं वर आली. पारू माझ्यापाशी येऊन रडली, म्हणाली, भाऊ तं गेला, आता पोर पन जाते.

मला राहवेना. मी आंब्याखाली गेले आणि चांगली घसघशीत थाप मारली. म्हटलं, सफाळ्याचा माणूस भेटला होता, तुझ्या मामाला तिकडे मोठं काम मिळालंय, तो आखातीच्या सणाला येतोय. असं खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळत नाही, आणि पोरीच्या जिवापुढे मी आणखी दहा वेळा बोलले असते. ठमीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाय पन तसाच सांगते का?"

आणि ती उठून थेट रूथबाईच्या दारात. मी मागोमाग.

"बाय, ती मेंढराची गोठ हुती का घडलेलं हुतं?"

मी तिच्या मागे उभी राहून डोळ्यांनी, मानेनं, हातांनी खुणा करत होते, सांग, घडलेलं होतं म्हणून सांग. रूथबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं.

"गोष्ट होती, ठमे," ती म्हणाली. "पण गोष्टीनं कुणी वाट चुकत नाही गं."

"तूच सांगलंस, घडलेलं दिसा सांगता येतं. मंग गोठ नाय ना सांगता येत."

ठमी वळली आणि पुन्हा आंब्याखाली जाऊन बसली. माझं डोकं फिरलं.

"पोरगी मरायला टेकलीय," मी म्हटलं, "आन तुमी अजून उंट झाकत बसल्यात."

ती खाली बसली. डोळे भरून आले होते. म्हणाली, ताई, चूक माझीच आहे. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की गोष्टीनं मामा हरवत नाही. ती उठून जाईल म्हणून भ्याले आणि तिच्याच समजुतीचा आधार घेतला. मी म्हटलं, मग आता आणखी एक आधार घ्या, सांगा खोटं. ती म्हणाली, "आज ती जगात फक्त माझ्या शब्दावर विसंबून आहे. तोच खोटा निघाला तर तिनं कुणाला विचारायचं?" जे घशाखाली उतरत नाही ते खरं काय चुलीत घालायचं, असं बोलून मी तरातरा घरी आले. रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर रूथबाईनं नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घातले होते. फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि गोमाच्या खोपटासमोर उभी राहिली. गोमाला म्हणाली, चला, शोधायला जाऊ.

त्यानंतर ते रोजचंच झालं. पहिल्यांदा वैतरण्याला उतरून रेतीच्या होड्यांवर विचारलं. मग खाडीच्या अलीकडून मंगळ्याची वाट पायी धरली. सकाळच्या गाडीनं जायचं, आदल्या दिवशी जिथं थांबले तिथून पुढं चालायचं, वाटेतला प्रत्येक पाडा, प्रत्येक वीटभट्टी विचारायची, आणि संध्याकाळी परत. चैत्राचं ऊन. बाईचा रंग रापला, टाचा फुटल्या. आमचे हे म्हणाले, हिला वेड लागलंय. फिटर बिचारा स्वतःच्या हातानं भात शिजवून खायचा आणि काही बोलायचा नाही. मी त्याला कालवण नेऊन द्यायची. रागावले होते मी तिच्यावर, पण तिच्या नवऱ्याला उपाशी ठेवण्याइतकी नाही.

रविवार आला. कॉलनीतली मुलं पडवीत येऊन बसली, शिकवायला कुणी नाही. त्यांना सोडायला कॉलनीतलेच कमलाकांत साळवे आले होते, इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. ते चिडले. एका पोरीसाठी, आणि तीही आपल्यातली नाही, सगळी मुलं वाऱ्यावर सोडून बाई रानोमाळ हिंडतात, ही कुठली रीत, असं म्हणाले.

मी त्यांच्या देवाची नाही. आजही नाही. पण मला कान आहेत, आणि महिनाभर तीच ती गोष्ट माझ्या कानांवर पडली होती.

"भाऊ," मी म्हटलं, "ते मेंढराचं तुमच्याच पुस्तकात हाय ना?"

साळवे चपला काढून मुलांसमोर बसले आणि पेटीतलं एक पुस्तक घेऊन वाचायला लागले. वाचत होते भयंकर. पण त्या दिवशी पोरांनी चुळबूळ केली नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती दोघं लवकर परत आली. पुढं रूथबाई, मागं गोमा, आणि गोमाच्या काखेत एक गाठोडं. गाठोडं पाहिलं आणि मला कळलं. मी पायरीवरच बसले.

रूथबाईनं पाय धुतले, पाणी प्यायली, मग सांगितलं. सफाळ्याच्या पुढं रुळांपासून थोडं आत, टेकाडाला एक एकटं खोपट आहे. तिथं काशीबाई म्हणून म्हातारी आणि तिचा मुलगा राहतात. होळीच्या आधी एक तरणा माणूस तापानं फणफणलेला त्यांच्या दारी आला. त्यांनी पेज दिली, पाला वाटून लावला. बोईसरकडे जायचंय, उद्या निघतो, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणायचा. गाव विचारायच्या आत शुद्ध गेली, आणि दोन दिवसांत तोही गेला. कुणाला कळवायचं ते माहीत नाही. मायलेकरांनी आपल्या माणसाला द्यावा तसा अग्नी दिला आणि गाठोडं आढ्याला बांधून ठेवलं, कुणीतरी विचारत येईल म्हणून.

मी रूथबाईचा हात धरला. तिला म्हटलं, निदान आता तरी पोरीला सांगू नका. गुजरातेत गेला म्हणा, काहीही म्हणा. तिनं हलकेच हात सोडवून घेतला. मग मीही तिच्याबरोबर गेले, कारण तिला एकटीला जाऊ देणं मला जमेना.

पारूनं ठमीला आंब्याखालून उचलून आणलं. गोमाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. रूथबाई जमिनीवर बसली आणि जसं मला सांगितलं तसंच, काही न गाळता, सगळं सांगितलं. पारूनं हंबरडा फोडला. ठमी रडली नाही. ती रूथबाईकडे एकटक बघत होती.

"वाट चुकला म्हनून मेला?"

"नाही," रूथबाई म्हणाली. "मी ती सगळी वाट चालून आलेय, ठमे. तो टेकला तिथून खाली उतरलं की हीच वाट आहे, घरी यायची. त्याला ताप आला. पण वाट तो चुकला नाही."

ठमीनं मान वळवून बुधीकडे पाहिलं. रूथबाईचा शब्द खरा असतो हे पोरीला ठाऊक होतं, पण मुलगा गेला होता म्हातारीचा. निवाडा तिचा होता. बुधीनं चुलीतली राख काडीनं सारखी केली. मग तिनं गोमाला विचारलं, "जाताना तोंड कंडं हुतं त्याचं?"

गोमाला आता कुठं बोलता आलं. तो म्हणाला, "काशीबाई सांगं, तोच म्हनला, माजं तोंड घराकडं करा. तिनं इकडंच करून निजवला. आपल्याकडं."

बुधीनं गाठोडं ओढून घेतलं आणि सोडलं. एक धोतर, विळा, बिडीचं बंडल, आणि तळाशी पिवळा फुलाफुलांचा नवा फ्रॉक. तिनं तो ठमीच्या अंगाला लावून पाहिला. आखूड होता. मामाच्या डोळ्यांसमोर गेल्या दिवाळीतली ठमी होती. मधल्या महिन्यांत पोर वाढते हे त्या बिचाऱ्याला कुठून सुचणार? म्हातारीनं फ्रॉक पोरीच्या छातीशी तसाच धरून ठेवला आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"माजा पोर वाट नाय चुकला," ती म्हणाली. "तुजी गोठ त्याला लागली नाय, पोरी."

तेव्हा ठमी रडली. आजीच्या मांडीत तोंड खुपसून, सगळं अंग गदगदून रडली. पोर रडते म्हणून मला बरं वाटलं असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं. संध्याकाळी पारूनं पेज दिली आणि ती प्यायली.

दिवसकार्य उरकलं आणि पुढच्या रविवारी ठमी पडवीत आली. वाळली होती, पण पायांत जोर होता. कॉलनीतली मुलं सरकून बसली, तिला जागा दिली. रूथबाई पेटीपाशी बसली होती. कोणतं पुस्तक काढावं ते तिला सुचत नसावं. हिरव्या पाठीचं तिनं सगळ्यांत खाली घातलं होतं, ते मी पाहिलं होतं. ठमीनं स्वतःच हात घालून तेच बाहेर काढलं.

मी वाल सोलायची थांबले. मला भीती वाटली. त्या गोष्टीत मेंढरू जिवंत सापडतं.

ठमीनं पानं उलटली नाहीत, थेट शेवटचं चित्र काढलं. मेंढपाळ डोंगर उतरतोय, एका हातात काठी, खांद्यावर मेंढरू. तिनं ते खूप वेळ पाहिलं. मग आपला अंगठा उचलला, खांद्यावरच्या मेंढरावर ठेवला आणि नीट दाबला, पांढरं काही दिसू नये असा. आता चित्रात उरला फक्त डोंगर उतरणारा माणूस. पाय धुळीनं भरलेले.

"बाय," ती म्हणाली, "येवढं घडलं."

रूथबाईनं चित्राकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणणार की हा दाखला आहे. खऱ्याच्या बाबतीत त्या बाईचा मला अजिबात भरवसा नव्हता.

"हो," ती म्हणाली. "एवढं घडलं."

मग काळं पुस्तक उघडायला तिला वेळ लागला. मुलं वाट पाहत बसली होती. मी वालाची परात उचलून आत गेले, कारण मला समोरचं काही दिसत नव्हतं.